सुरुवातीची अमेरिकन चांदीची नाणी: नाणं नजरेने कसं पारखावं

१५ ऑक्टोबर १७९४ रोजी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने पहिले चांदीचे डॉलर पाडले. त्यातले १,७५८ स्वीकारले गेले. एवढं मोठं नाणं पाडायला लागेल असा प्रेस तेव्हा टाकसाळीकडे नव्हता. माणसांच्या जोरावर फिरणाऱ्या लहान स्क्रू प्रेसवर काम भागवलं, ठसेही एकमेकांवर नीट सपाट बसले नाहीत, आणि म्हणून या डॉलरवर डावीकडचे खालचे तारे आणि सालाचा भाग बहुतेक वेळा पुसट दिसतो. नवा संग्राहक असं नाणं हातात घेऊन लगेच म्हणतो, ‘झिजलंय.’ ते झिजलेलं नसतं, टाकसाळीतून बाहेर पडलं तेव्हाही तसंच होतं.

या मालिकेत पारख शिकायची तर पहिल्या दिवसापासून दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. टाकसाळीत नाणं पाडताना जे झालं, तो एक. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत माणसांनी त्या नाण्याला जे केलं, तो दुसरा. पहिल्या हिशेबातल्या बऱ्याच गोष्टी माफ करता येतात, दुसऱ्यातल्या फार थोड्या. जानेवारी २०१३ मध्ये १७९४ चा एक डॉलर लिलावात एक कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच्या मध्यभागी वजन भरून काढण्यासाठी ठोकलेली चांदीची गुल्ली आहे आणि अंगावर कानशीचे चरे आहेत. दोन्ही गोष्टी टाकसाळीतल्या कामगारांच्या हातच्या, आणि किमतीच्या आड आल्या नाहीत. तेच चरे नंतर कुणी सुरीने ओढलेले असते, तर गोष्ट पूर्ण वेगळी झाली असती.

पायरी १: आधी एकच मालिका धरा

‘अर्ली सिल्व्हर’ म्हणजे साधारण १७९४ ते १८३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतची चांदी: हाफ डाइम (५ सेंट), डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट), हाफ डॉलर (५० सेंट) आणि डॉलर. दर्शनी बाजूला लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी: आधी मोकळ्या केसांची (फ्लोइंग हेअर), मग अंगावर वस्त्र घेतलेली (ड्रेप्ड बस्ट), आणि १८०७ पासून टोपी घातलेली (कॅप्ड बस्ट). हे शेवटचं डिझाइन जॉन राइक याचं, तो त्याच वर्षी टाकसाळीत मदतनीस कोरीवकार म्हणून लागला.

नव्या माणसाने १७९६ चा क्वार्टर (एकूण ६,१४६) किंवा १७९६-९७ चा हाफ डॉलर (दोन्ही वर्षांचे मिळून ३,९१८) यांच्या मागे लागू नये. पैसे असले तरी नाही. चार नाणी शेजारी ठेवून फरक बघितल्याशिवाय नजर तयार होत नाही, आणि ही नाणी तशी बघायला मिळतच नाहीत. सुरुवात कॅप्ड बस्ट हाफ डॉलरपासून करा, १८०७ ते १८३६ मधला, कडेवर अक्षरं असलेला.

हा हाफ डॉलर आजही मुबलक आहे, त्यामागे इतिहास आहे. अमेरिकेतले चांदीचे डॉलर भराभर देशाबाहेर जात होते, म्हणून १८०४ मध्ये टाकसाळीने ते पाडणं थांबवलं. त्यानंतर थेट १८३६ पर्यंत चलनासाठी डॉलर नाही. मधल्या काळात हाफ डॉलर हेच देशातलं सर्वांत मोठं चांदीचं नाणं होतं, आणि बँका आपला राखीव साठा त्याच्यातच ठेवायच्या. पिशव्याच्या पिशव्या एका बँकेच्या तिजोरीतून दुसऱ्या बँकेच्या तिजोरीत जायच्या. बाजारात फिरून झिजण्याऐवजी ही नाणी एकमेकांवर घासली तेवढीच. १८२७ मध्ये ५४ लाखांहून जास्त पाडली, १८३४ मध्ये ६४ लाखांहून जास्त. शिवाय ठसे हाताने तयार व्हायचे, त्यामुळे प्रत्येक वर्षी कितीतरी उपप्रकार झाले. ते आजही ओव्हरटन क्रमांकांनी, म्हणजे अल ओव्हरटन यांच्या सूचीतल्या क्रमांकांनी, ओळखले जातात. जन्मभर पुरेल इतकं काम या एका मालिकेत आहे.

पायरी २: दिवा, अंतर, हात

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. टेबलावर एकच दिवा ठेवा, पिवळसर, एका बिंदूतून प्रकाश देणारा. पसरलेल्या प्रकाशात पृष्ठभागाचे दोष लपतात, त्यामुळे विक्रेत्याच्या टेबलावर दिवा नसेल तर तो मागायला संकोच करू नका. खाली मऊ कापड, नाणं अंगठा आणि तर्जनीने फक्त कडेवर धरलेलं. दर्शनी बाजूला बोट लावलं की त्याचा ठसा काही महिन्यांनी तिथे कायमचा उमटतो.

आता भिंग बाजूला ठेवून नाणं हातभर अंतरावर धरा. नजर आपोआप कुठे जाते ते बघा. लिबर्टीच्या चेहऱ्याकडे, एकूण रंगाकडे गेली तर ठीक. गालावरच्या एका खड्ड्याकडे, चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेतल्या एका चऱ्याकडे, किंवा काठावरच्या एका काळ्या डागाकडे पुन्हा पुन्हा जात असेल, तर ते नाणं घरी आणल्यावरही तसंच होणार. तोच खड्डा केसांच्या कुरळ्या लटांत असता तर महिनाभर दिसला नसता. दोष किती मोठा यापेक्षा तो कुठे आहे याला देखणेपणात जास्त वजन आहे. गाल आणि चेहऱ्यासमोरची जागा सगळ्यात नाजूक. मागच्या बाजूला गरुडाचे पंख आणि ढाल बरंच काही पोटात घेतात.

मग भिंग. दर्जा बघायला पाच ते सात पट पुरेसं. दहा पट भिंग ठशाचा उपप्रकार ओळखायला ठेवा, त्यातून पृष्ठभाग बघितला तर प्रत्येक नाणं खराब वाटतं.

पायरी ३: पृष्ठभाग वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तर थोडं नुकसान होतं, ही चुकली तर सगळा पैसा गेला.

नाणं पाडताना धातू दाबाखाली मधून काठाकडे सरकतो आणि ठशावर, म्हणून नाण्यावरही, अत्यंत बारीक रेषा तयार होतात. नवं नाणं दिव्याखाली हळूहळू तिरकं करत फिरवलं की प्रकाशाचे पट्टे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. हीच मूळ चकाकी, संग्राहक तिला ‘कार्टव्हील’ म्हणतात. पट्टा मोकळ्या जागेवरून उठावावर चढतो, उतरतो, कुठेही अडखळत नाही. नाणं थोडं वापरात आलं की आधी उंचवट्यांवर तो तुटतो: वस्त्राची खांद्यावरची पिन, कानावरचे केस, टोपीचा पुढचा भाग, गाल. मागच्या बाजूला गरुडाचे पंजे आणि पंखांच्या कडा. अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या आडोशाला मात्र चकाकी बरीच वर्षं टिकते. म्हणून वापरलेल्या नाण्यात आधी तारे आणि अक्षरं यांच्या मधली जागा तपासा.

आता साफ केलेलं नाणं. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आधी चांदीची नाणी चिंच लावून, राख लावून किंवा पितांबरीने घासून लख्ख करतात. देवघरात ते शोभतं. संग्रहातल्या नाण्याला असा हात एकदा जरी लागला तरी त्याची किंमत कोसळते, आणि ती परत येत नाही. अमेरिकेतही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात संग्राहकांनी हौसेने नाणी पुसली, घासली, रसायनात बुडवली. आज बाजारात येणाऱ्या या काळातल्या चांदीचा मोठा भाग कधी ना कधी साफ केलेला आहे. प्रश्न असतो किती, आणि त्याची खूण उरली आहे का.

खुणा अशा शोधा. नाणं तिरकं करत पूर्ण वर्तुळात फिरवा. एका विशिष्ट कोनात मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक समांतर रेघांचा जुडगा एकदम चमकून उठला, की कापड किंवा ब्रश फिरलेला आहे. वापरातले चरे वेगवेगळ्या दिशांना विखुरलेले असतात, पुसण्याच्या रेघा मात्र रांगेत उभ्या राहतात. दुसरी खूण रंगाची. बऱ्यापैकी झिजलेलं नाणं मधे पांढरंफेक आणि अक्षरांच्या बुडाशी काळं दिसत असेल, तर वरची साय पुसली गेली आणि खोबणीतला मळ तेवढा राहिला. तिसरी खूण रसायनाची. रसायनात बुडवलेलं नाणं स्वच्छ पांढरं दिसतं, रेघाही नसतात, पण फिरवलं की प्रकाश हलत नाही, एका जागी मेल्यासारखा पडून राहतो. त्या बारीक रेषांचे माथे रसायनाने खाल्लेले असतात.

मध्यम झीज झालेल्या, म्हणजे व्हीएफ किंवा एक्सएफ दर्जाच्या नाण्याला चांदीचा पांढरेपणा शोभतच नाही. त्याचा योग्य रंग म्हणजे मध्यम करडा. उंचवटे थोडे फिके, खोलगट जागा गडद, त्यामुळे लिबर्टी आणि गरुड पार्श्वभूमीतून पुढे आल्यासारखे दिसतात. असा एकसारखा, न ढवळलेला करडेपणा मला रंगीबेरंगी नाण्यापेक्षा जास्त आवडतो, आणि या मालिकेत वर्षानुवर्षं रमलेल्या बहुतेकांचा कलही तिकडेच असतो. त्यात लपवायला काही नसतं.

पायरी ४: रंग, खरा आणि चढवलेला

चांदीला हवेतलं किंवा कागदातलं गंधक लागलं की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. थराची जाडी बदलते तसा रंग बदलतो, पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो त्याच कारणाने. क्रम ठरलेला: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, पुढे फिका हिरवट-पिवळा, पुन्हा किरमिजी. थर फार जाड झाला की करडा आणि शेवटी काळा.

कॅप्ड बस्ट हाफ डॉलर यासाठी प्रसिद्ध आहेत. विसाव्या शतकात ते पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये गोल भोकांत बसवून ठेवत. पुठ्ठ्यातलं गंधक काठाकडून आत शिरायचं. त्यामुळे काठालगत निळं, त्याच्या आत जांभळं, मग सोनेरी, आणि मधे मूळ चांदी, अशी वलयं तयार झाली. अशा नाण्यात रंगाखालून चकाकी फिरताना दिसली, तर ते घ्यावं. ग्रेडच्या मानाने थोडे जास्त पैसे पडले तरी घ्यावं.

या जास्तीच्या पैशांमुळेच रंग चढवण्याचा धंदाही चालतो. गरम करून, गंधकाची रसायनं लावून काही तासांत रंग आणता येतो. तो ओळखायला तीन प्रश्न विचारा. रंगांचा क्रम नैसर्गिक आहे का, की सोनेरी टप्पा गाळून थेट झगझगीत निळा आणि गुलाबी? खऱ्या टोनिंगमध्ये, म्हणजे आपोआप चढलेल्या थरात, रंग अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या कडेशी थबकतो, उंचीप्रमाणे बदलतो. इथे तो अक्षरांवरून सपाट वाहत गेलाय का? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: रंगाच्या खाली पुसण्याच्या रेघा आहेत का? रेघांमध्येच रंग साचलेला दिसला, तर नाणं आधी साफ झालं आणि नंतर पुन्हा रंगलं. रंग खरा असेलही, पृष्ठभाग मूळ राहिलेला नाही.

काळपट, दाट, चकाकी पूर्ण झाकणारा थर असलेलं नाणं ‘साफ केलं की उजळेल’ या आशेवर कधीही घेऊ नका. त्या थराने खालचा धातू खाल्लेला असतो. थर काढल्यावर खडबडीत, निर्जीव चांदी हाती येते.

पायरी ५: ठसा कच्चा की नाणं झिजलेलं

आता टाकसाळीचा हिशेब. ही नाणी माणसांच्या जोरावर फिरणाऱ्या स्क्रू प्रेसवर पाडली जायची. वाफेवर चालणारा प्रेस फिलाडेल्फियात आला तो मार्च १८३६ मध्ये. दाब दर वेळी सारखा पडायचा नाही, ज्यावर नाणं पाडायचं ती कोरी चकती कधी मऊ कधी कडक असायची. ठशाचा एखादा खोल भाग भरायला धातू कमी पडला की ती जागा नाण्यावर सपाट राहायची.

हाफ डॉलरवर याच्या ठरलेल्या जागा आहेत. ताऱ्यांच्या मधल्या रेषा उठत नाहीत. खांद्यावरची पिन आणि तिच्यालगतच्या केसांच्या बटा पुसट राहतात. मागच्या बाजूला गरुडाच्या डोक्यावरच्या पट्टीतलं ‘ई प्लुरिबस युनम’ हे लॅटिन ब्रीदवाक्य अर्धवट दिसतं. यातलं खांदा आणि पट्टी हे दोन बऱ्याचदा बरोबरच कच्चे असतात, कारण अमेरिकन नाण्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना उलट्या असतात: दर्शनी बाजूचा तळ म्हणजे मागच्या बाजूचा माथा. एकाच जागी दोन्हीकडून खोल ठसा आला की धातू दोघांनाही पुरत नाही.

झीज आणि कच्चा ठसा यांत फरक करायचा तर त्या सपाट जागेवरची चकाकी बघा. ठसा कच्चा असेल तर मोकळ्या जागेतला प्रकाश त्या भागावरूनही सलग फिरतो, कधी कधी कोऱ्या चकतीवरचे मूळ खवले सुद्धा दिसतात. झीज असेल तर तिथे रंग बदलतो, निस्तेज करडा ठिपका दिसतो आणि प्रकाश थांबतो. शिवाय झीज भेदभाव करत नाही: पिन झिजली असेल तर गाल आणि पंजेही झिजलेले हवेत. पिन सपाट आणि पंजे करकरीत असं दिसलं, तर उत्तर मिळालं.

माफ करण्याजोगं आणखी काय? कानशीचे चरे. नाण्याचं वजन कायद्याने ठरलेलं होतं. चकती जड भरली तर पाडण्याआधी कानस मारून वजन उतरवत, हलकी भरली तर १७९५ च्या काही डॉलर आणि हाफ डॉलरमध्ये दिसते तशी मधे गुल्ली बसवत. १८०७ च्या आधीच्या नाण्यांवर हे चरे जास्त सापडतात. चकतीवर ते नाणं पाडण्याआधी झालेले, म्हणून दाबाखाली बरेचसे मिटतात आणि जिथे धातू पूर्ण दाबला गेला नाही तिथेच उरतात: काठालगतच्या दात्यांवर किंवा केसांच्या सर्वांत उंच भागात. नंतरचा ओरखडा मोकळ्या जागेतून उठावावर आणि पुन्हा खाली असा सरळ कापत जातो, आणि त्याच्या काठाला बाहेर ढकललेल्या धातूची बारीक कड असते. भिंगाखाली ती कड स्पष्ट दिसते. तसं असलं तरी, चेहऱ्यावर आडवे पडलेले जाड कानशीचे चरे मी स्वतः घेणार नाही. टाकसाळीचे असले तरी डोळ्यांना खुपतातच, आणि विकताना समोरच्याच्याही डोळ्यांना खुपणार.

ठशाला गेलेल्या तड्यांच्या उंच रेषा, दोन ठसे चकतीशिवाय एकमेकांवर आदळल्याने उमटलेल्या पुसट सावल्या, जुन्या सालावर कोरलेलं नवं साल, हे तर या मालिकेचं वैभव आहे. १८१५ चा प्रत्येक हाफ डॉलर १८१२ च्या ठशावर साल बदलून पाडलेला आहे, ५ च्या खाली २ दिसतो.

पायरी ६: कड विसरू नका

१८३६ पर्यंतच्या हाफ डॉलरच्या कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ हे शब्द असतात. चकती पाडण्याआधीच दोन पट्ट्यांमधून फिरवून ते उमटवत. त्यामुळे कधी अक्षरं एकमेकांवर चढतात, ते टाकसाळीतलंच आहे. १८३६ च्या शेवटी बंद कॉलर (नाणं पाडताना चकतीभोवती बसणारं कडं) आणि दातेरी कड आली. अक्षरांच्या कडेच्या काळातलं साल आणि दातेरी कड असं दिसलं, तर तिथेच थांबा.

या काळात नाण्यांचे लॉकेट, बटणं, पिना करायची चाल होती. म्हणून माथ्यावर, बाराच्या ठिकाणी कड नीट तपासा: डाग दिलेला, घासून सपाट केलेला भाग, भोक पाडून पुन्हा बुजवलेली जागा. बुजवलेल्या जागेच्या आसपास तारा किंवा अक्षर हाताने पुन्हा कोरलेलं असतं आणि त्याची रेषा इतरांपेक्षा धारदार किंवा वाकडी असते. डाग दिलेल्या धातूचा रंगही वेगळा पडतो.

पायरी ७: खोटं नाणं

काटा जवळ ठेवा. १८३७ पूर्वीचा डॉलर २६.९६ ग्रॅम, हाफ डॉलर १३.४८, क्वार्टर ६.७४, डाइम २.७० ग्रॅम. चांदीचं प्रमाण साधारण ८९.२ टक्के. १८३७ पासून ते ९० टक्के झालं आणि हाफ डॉलरचं वजन १३.३६ वर आलं. झिजेने वजन थोडं घटतं, वाढत मात्र नाही. त्या काळातही या हाफ डॉलरच्या नकला जर्मन सिल्व्हर आणि मुलामा दिलेल्या तांब्या-पितळेत निघाल्या होत्या, आणि गंमत म्हणजे आज त्यांचेही संग्राहक आहेत. अलीकडच्या धोकादायक नकला चीनमधून येतात, ड्रेप्ड बस्ट डॉलरच्या विशेषतः. १८०४ चं साल असलेला डॉलर कुणी स्वस्तात देऊ केला तर चर्चाच करू नका: जगात असे खरे १६ माहीत आहेत, आणि तेही १८३४ किंवा त्यानंतर पाडलेले, आधी परदेशी राजांना भेट देण्यासाठी. त्यातला एक मस्कतच्या सुलतानाला गेला आणि एक सयामच्या राजाला.

पायरी ८: आकडा नंतर वाचा

पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७) या दोन कंपन्या नाणं तपासून १ ते ७० मधला आकडा देतात आणि पारदर्शक डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये सील करतात. हे मोजमाप विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलं, तेही तांब्याच्या जुन्या सेंटसाठी. नवख्याने स्लॅबमधलंच नाणं घ्यावं, कारण खरेपणाची हमी मिळते. ‘डिटेल्स’ असं लिहिलेलं असेल तर नाणं खरं, पण साफ केलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे असा अर्थ. २००७ पासून सीएसी ही संस्था स्लॅब पुन्हा तपासून, नाणं आपल्या ग्रेडला भरभक्कम असेल तर हिरवा स्टिकर लावते. ग्रेडपेक्षा वरचढ असेल तर सोनेरी. एनजीसी विशेष देखण्या नाण्याला तारा देते.

तरीही लेबल अंगठ्याने झाका आणि आधी नाणं बघा. समजा समोर १८२७ चे दोन हाफ डॉलर आहेत. पहिल्याच्या लेबलवर एमएस-६२, म्हणजे न वापरलेलं. रंग पांढरा. दिव्याखाली फिरवलं तर प्रकाश फारसा हलत नाही, चेहऱ्यासमोर रेघांचा जुडगा चमकतो, गालावर एक टोचा. दुसऱ्यावर एयू-५८, किंचित वापरलेलं. पिनेवर आणि गालावर करड्या रंगाची हलकी छटा. पण ताऱ्यांच्या मधून चकाकी पूर्ण फिरते, काठालगत निळ्या-सोनेरी रंगाचं अर्धं वलय, आणि पट्टीतलं प्रत्येक अक्षर वाचता येतं. दुसरं स्वस्त आहे आणि दुसरंच चांगलं आहे. या मालिकेत ५८ आकड्याच्या नाण्यांमध्ये असे हिरे वारंवार सापडतात, कारण बँकेच्या पिशवीतल्या घर्षणाने त्यांना ६० च्या खाली, म्हणजे वापरलेल्यांत, ढकललेलं असतं, बाकी अंग मूळचंच.

पायरी ९: खरेदीआधी हजार फोटो

हेरिटेज ऑक्शन्सच्या संकेतस्थळावर जुन्या लिलावांतली नाणी मोठ्या फोटोंसह आणि विकल्या गेलेल्या किमतीसह बघता येतात. एक साल, एक ग्रेड निवडा आणि त्यातली सगळी नाणी ओळीने बघा. आकडा झाकून आधी स्वतः ग्रेड सांगा. फोटोंची एक मर्यादा लक्षात ठेवा: स्थिर फोटोत चकाकी फिरताना दिसत नाही, आणि झगझगीत प्रकाशात काढलेल्या फोटोत निस्तेज नाणंही रंगीत वाटतं. म्हणून विक्रेत्याकडे दिव्याखाली फिरवतानाचा व्हिडिओ मागा, आणि परत करण्याची मुदत लेखी घ्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनच्या उन्हाळ्यातल्या वार्षिक प्रदर्शनाला जाऊन यावं. विक्रेते नाणं हातात देतात, आणि काहीही न घेता दिवसभर नुसतं बघत फिरलात तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ खाली येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा ‘आधी आणतो, मग ग्रेडिंगला अमेरिकेत पाठवतो’ असा बेत करू नका. ग्रेड झालेलंच घ्या, आणि आयातीचे नियम व सीमाशुल्क पैसे देण्याआधी विचारून घ्या.

पायरी १०: ठेवायचं कसं

मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पीव्हीसी असतं. ते चांदीवर हिरवट चिकट थर सोडतं आणि मग धातू खातं. असा थर ताजा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं नुसतं बुडवून ठेवलं की निघतो, पुसायचं मात्र नाही. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करा. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड जवळ ठेवू नका, सगळ्यांतून गंधक निघतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला, आणि डबा लाकडी कपाटाऐवजी लोखंडी कपाटात ठेवा.